डोली रोपवेला निघाली

गौतमीकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यात इतरांच्या सहली होत्या.

रायगडावरचा एक काळा खडा होता. तो चौथीच्या वर्गाने आणलेला. हरिहरेश्वरची वाळू होती, कागदाच्या पुडीत. मामाने राणीच्या बागेचं तिकीट दिलं होतं, मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने हत्ती काढून. शेजारचा किरण महाबळेश्वरला जाऊन आला तेव्हा त्याने स्ट्रॉबेरीचा देठ आणला. स्ट्रॉबेरी वाटेत संपली, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

वाडीतलं कोणी कुठे गेलं की गौतमीसाठी काहीतरी आणायचं, अशी रीतच पडून गेली होती. गौतमीला न्यायचं, अशी रीत नव्हती. त्यात कोणाचा वाईटपणा नव्हता. वरची करंजवाडी म्हणजे पोलादपूरच्या मागच्या डोंगराच्या माथ्यावरची चौदा घरं आणि त्याच्या चौपट म्हशी. खालच्या रस्त्यापर्यंत दीड तासाचा उतार. गौतमी दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि ताप पाय घेऊन गेला, असं वाडीत म्हणत. जणू ताप हा पाहुणा होता आणि निघताना अंधारात चुकीच्या चपला घालून गेला.

दहा वर्षांची होईतो ती सात वेळा डोंगर उतरली होती. सातही वेळा डोलीतून आणि सातही वेळा महाडच्या दवाखान्यात. डोली म्हणजे एक लांब बांबू, त्याला झोळीसारखी बांधलेली घोंगडी आणि दोन टोकांना दोन खांदे. आत निजलं की दोनच गोष्टी दिसतात: वर आभाळ आणि मागच्या माणसाच्या नाकपुड्या. गौतमी अख्खं खोरं नाकपुड्यांवरून ओळखायची. खालच्या वाडीतल्या रामजीतात्याची नाकपुडी रुंद होती, चढाला शीळ घालायची. बाबांच्या नाकपुडीत एक पांढरा केस होता. सातव्या खेपेला दवाखान्याने तिला लोखंडी पट्ट्यांचे बूट दिले. पण ते सपाट फरशीसाठी होते आणि वरच्या करंजवाडीत सपाट अशी एकच जागा होती, ती म्हणजे भाकरीचा तवा. बूट आता रेडकांच्या दाराला अडसर म्हणून वापरात होते.

नव्व्याण्णव सालच्या माघात तिचा जितेशकाका सुट्टीवर आला. तो बिरवाडीला खोली घेऊन राही आणि कंपनीत पावडरीची पोती भरी. कसली पावडर ते त्याला ठाऊक नव्हतं. घरी येताना त्याचे कान कधी पिवळे असत, कधी जांभळे. त्यावरून आजी ओळखायची की यंदा कंपनीचं बरं चाललंय.

ह्या खेपेला कान जांभळे होते आणि डोक्यात रोपवे होता.

"लोखंडाचा दोर," काका जेवताना हातवारे करत म्हणाला. "त्याला डबा टांगलेला. डब्यात माणसं. हिरकणीवाडीतनं बसायचं आणि चार मिनटात रायगड."

"आणि खांदा कुणाचा?" आजीने विचारलं. आजी म्हणजे साळूबाई, घराची आणि जवळजवळ वाडीची कारभारीण.

"मोटरचा."

"मोटर दमली तर?"

"मोटर दमत नाय गो आये."

"माणूस दमला तर सांगतो तरी," आजी म्हणाली. "हिरकणी कडा उतरली ती काय डब्यात बसून?"

"म्हणून तर तिच्या नावाचा बुरूज बांधायला लागला. डब्यात बसून आली असती तर नुसतं तिकीट फाडलं असतं."

गौतमी भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. दोर, डबा, माणसं. तिने हळूच विचारलं, "त्या डब्यात चालायला लागतं काय?"

"नाय. तिथं चालायला जागाच नाय. राजा असो नायतर रंक, नुसतं बसायचं."

तिचे बाबा महिपत म्हशींशी भरपूर बोलत आणि मग माणसांसाठी त्यांच्याकडे शब्द उरत नसत. त्यांनी ताट धुतलं, माळ्यावरून बांबू काढला आणि त्याला तेल लावायला बसले. हाच त्यांचा होकार.

आजीचा मात्र नकार होता. डोली दुखण्याची असते. बरं माणूस डोलीत घातलं तर दुखण्याला वाटतं आपल्याला बोलावलंय. "पोरीला थोडा तरी ताप असता," ती चुलीशी बसून हळहळली, "तर कशी सुखाने गेली असती."

"आत्याबाय, असं काय बोलता," गौतमीची आई आवडी म्हणाली.

"जास्ती नाय म्हणत गो. कणकण."

गौतमीची स्वतःचीही अट होती. फसवून नेण्याचा तिला सात वेळचा अनुभव होता. दुसऱ्या खेपेला 'मामाकडे' म्हणून नेलं होतं, पाचव्याला 'जत्रेला'.

"काका, महाडात जीप कुठं वळते ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "डाव्या हाताला वळली की आधी भज्यांचा वास येतो, मग स्पिरिटचा. तो वास आला तर मी पुन्यांदा डोलीत बसणार नाय. कधीच नाय. मेले तरी नाय."

"मेल्यावर बसायलाच लागतं."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

काकाने तिच्या हातावर हात मारला. वचन झालं.

रविवारी ऊन वर आलं तशी डोली निघाली. पुढे बाबा, मागे काका, बाजूला आई, तिच्या डोक्यावर भाकऱ्यांची फडकी. गौतमीने नवीन परकर घातला होता आणि शाळेने आणलेला रायगडचा खडा मुठीत घेतला होता. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. आजी वाडीच्या टोकापर्यंत आली, तोंड वाकडं करून उभी राहिली. आणि डोली पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली तशी तिने दोन्ही तळवे तोंडाशी नेऊन तीन लांब कुकारे घातले.

कुकारा म्हणजे डोंगरातला टेलिफोन. तीन लांब कुकाऱ्यांचा अर्थ एकच: डोली निघाली, खांदे तयार ठेवा. आजीला तसं काही सांगायचं नव्हतं. पण वाडीतून डोली उतरली की कुकारा घालायचा हे तिच्या घशाला चाळीस वर्षं ठाऊक होतं. त्यासाठी घसा डोक्याला विचारत नसे.

खालून एक कुकारा आला. त्याच्याही खालून, पुसट, आणखी एक.

"झालं," काका म्हणाला.

त्या खोऱ्यात डोलीचे तीन कायदे होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून सगळे पाळत. पहिला: डोली ज्या वाडीच्या हद्दीत येईल त्या वाडीने खांदा द्यायचा. दुसरा: दुखणेकऱ्याच्या देखत दुखण्याचं नाव काढायचं नाही. आणि तिसरा सगळ्यांत कडक: डोलीबरोबरच्या घरच्या माणसांचं ऐकायचं नाही. एकदा कोण्या लेकाने बापाची डोली अर्ध्या वाटेवरून फिरवली होती, 'बापाला आता बरं वाटतंय, भूक लागलीय' म्हणून. बाप गोठ्याच्या दाराशी पोचला तेवढाच. तेव्हापासून ठरलं की घरच्यांची डोकी अशा वेळी ठिकाणावर नसतात. डोली उलटी फिरवायची नाही. आणि डॉक्टर कागद देईपर्यंत खांदा देणाऱ्याने हलायचं नाही.

खालच्या वाडीच्या हद्दीवर रामजीतात्या धोतर खोचून उभाच होता. साठीचा, सुक्या बोंबलासारखा, पण खोऱ्यातला पहिल्या नंबरचा खांदा. बरोबर आणखी एक गडी आणि बयाबाई. बयाबाई प्रत्येक डोलीबरोबर जात असे. तिला खांदा देता येत नव्हता, पण धीर देता येत होता, आणि तो ती रडून देई.

"तात्या, ऐक," काका म्हणाला, "पोरीला काय झालेलं नाय. आम्ही—"

"गप," रामजीतात्याने बांबू त्याच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतला. "तिच्यासमोर नको."

"अरे पण फिरायला—"

"मला सांगतोस? माझ्या बापाला न्यायच्या वेळी मी पण असाच बडबडत होतो."

आणि डोली पळाली. बाबांनी एकदा तोंड उघडलं. पण वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे त्यांना पहिला शब्द सापडेपर्यंत दोन वळणं गेली. आई भाकऱ्या सांभाळत मागे धावत होती. बयाबाई डोलीशेजारून पळता पळता गौतमीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "गार पडलीय गो."

"वारा लागतोय," गौतमी म्हणाली.

"बोलतेय अजून," बयाबाईने पुढे निरोप दिला. पुढचा गडी आणखी जोरात पळाला.

गौतमीला वर आभाळ दिसत होतं आणि रामजीतात्याची रुंद नाकपुडी, शीळ घालणारी. दर खेपेसारखीच. तिने खडा घट्ट धरला.

रस्त्यावर कुशाबाची जीप उभी होती. कुकारा ऐकून त्याने तिचं तोंड महाडकडे करून ठेवलं होतं, इंजिन चालू. कुशाबा फार बोलत नसे. डोलीचा माणूस असला की हॉर्नवरचा हातच तो काढत नसे. डोली टपावर चढली, गौतमी मागच्या बाकावर आडवी झाली, डोकं बयाबाईच्या मांडीवर. काकाने कुशाबाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "दवाखान्यात नको, रायगडला, पाचाडच्या रस्त्याला घे."

कुशाबाने आरशातून रामजीतात्याकडे पाहिलं. तात्याने मान हलवली, आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावून काकाचं डोकं ठिकाणावर नसल्याचं दाखवलं. कुशाबाने गिअर टाकला.

हायवेला लागल्यावर काका आणखी तीनदा बोलला. बाबाही बोलले. "म्हशींची शपथ," असं म्हणाले. त्यांनी म्हशींची शपथ घेतल्याचं पाहून बयाबाईला खात्रीच पटली की पोर वाचत नाही.

महाड आलं. जीप डावीकडे वळली.

आधी भज्यांचा वास आला.

गौतमी काकाकडे बघत होती. काकाचे जांभळे कान लाल झाले होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

मग स्पिरिटचा वास आला.

"गौतमी," काका म्हणाला, "मी आईशप्पथ—"

"गप," गौतमी म्हणाली. "माझ्यासमोर नको."

जीप थांबली. डॉक्टरीणबाई कुकाऱ्याशिवायही ओळखत की कुशाबाचा हॉर्न म्हणजे डोली. त्या हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी गौतमीची जीभ पाहिली, नखं पाहिली, छातीला नळी लावली. बयाबाईचं रडणं ऐकू येतंय म्हणून परत लावली.

"काय होतंय हिला?" त्यांनी विचारलं.

"तिच्यासमोर नको," रामजीतात्या म्हणाला.

"अहो, मी डॉक्टर आहे."

"तरी पण."

डॉक्टरीणबाईंनी काकाकडे पाहिलं. काकाने तोंड उघडलं, तर सगळ्या जीपने एकदम त्याच्याकडे अशा दयेने पाहिलं की त्याने ते मिटलं. मग त्या गौतमीकडे वळल्या. "तूच सांग बाई."

डोलीतल्या माणसाला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. कायद्यात तसं कुठे बसतच नव्हतं. गौतमीने एकदा आभाळ शोधलं. वर जीपचं टप होतं.

"मला काय होत नाय," ती म्हणाली. "पाय हायत तसेच हायत, त्यांचं रोजचंच हाय. मला रोपवेला जायचं होतं. रायगडला. डब्यात बसायला. डब्यात चालायला लागत नाय." इथवर ती सरळ बोलली, मग तिने मुठीतला खडा आवळला. "मी आठ वेळा डोलीत बसले. आठही वेळा इथंच आले."

डॉक्टरीणबाईंनी नळी गुंडाळून खिशात ठेवली.

"रामजीतात्या," त्या म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही."

"तसं तोंडी कसं चालेल? कागद द्या."

त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात कागद होता. सही होती, निळा शिक्का होता. कुशाबाला वाचता येत होतं, म्हणून तो सगळ्यांसाठी मोठ्याने वाचू लागला: "मुलीला तपासले. प्रकृती उत्तम. हिला आजच रोपवेने रायगडावर न्यावे. सोबतच्या माणसांनी रडू नये."

बयाबाईने डोळे पुसले. कागदावर असल्यावर प्रश्नच नव्हता.

"जेवणाआधी का नंतर?" तिने विचारलं.

"आधी," डॉक्टरीणबाई गंभीरपणे म्हणाल्या. "पोट रिकामं असलेलं बरं."

"आणि उलटी झाली तर?"

"तर पुन्हा न्यायचं."

कुशाबाने कागद घडी करून खिशात घातला आणि जीप वळवली. काका पहिल्यांदाच काही न बोलता बसला होता, आणि तरी जीप पाचाडच्या रस्त्याला लागली. रामजीतात्या आणि बयाबाई उतरले नाहीत. कागदात लिहिलेलं पुरं होईपर्यंत हलायचं नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पुढचा खांदा देणाऱ्या गड्याने मात्र महाडातच उतरून भजी खायला घेतली. त्याचं म्हणणं, पुढचं दुखणं त्याच्या अभ्यासातलं नाही.

हिरकणीवाडीला रविवारची रांग होती. मुंबईची माणसं, टोप्या, गळ्यात कॅमेरे. टपावरून डोली उतरलेली पाहून रांग आपोआप दुभंगली. रोपवेवाल्या माणसाने बांबूच्या लांबीकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"बांबू जायचा नाय," तो म्हणाला.

"बांबूबिगर डोली कशी?" रामजीतात्याला हे अपमानासारखं लागलं.

शेवटी बांबू कुशाबाजवळ राहिला. कुशाबा म्हणाला, कुणीतरी जमिनीवर राहिलेलं बरं. आणि बांबू मांडीवर घेऊन सावलीत बसला. रोपवेवाल्याने स्वतः डब्याचं दार धरलं, काकाने गौतमीला उचलून बाकावर बसवलं. शेजारी काका, समोर रामजीतात्या आणि बयाबाई. मागच्या डब्यात आई आणि बाबा. लग्नानंतर ती दोघं म्हशींशिवाय अशी पहिल्यांदाच कुठे बसली होती. काय बोलावं ते न सुचून आईने भाकऱ्यांची फडकी दोघांच्या मध्ये ठेवली.

डबा हलला, हिंदकळला, आणि जमीन खाली गेली.

रामजीतात्याने आयुष्यात कड्यांवरून मढी, गरोदर बायका, एकदा एक शिलाई मशीन असं सगळं खांद्यावर पळवलं होतं. पाऊल कधी चुकलं नव्हतं. पण इथे पाऊल टाकायला काही नव्हतं. त्याने एका हाताने दांडा धरला, दुसऱ्याने बयाबाईचा हात, आणि डोळे मिटले. त्याच्या नाकपुडीतून शीळ यायला लागली.

"हे कुणाच्या खांद्यावर हाय?" त्याने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"मोटरच्या," गौतमी म्हणाली.

"मोटर आपल्या वाडीची नाय."

"तात्या, काय होतंय तुम्हाला?" बयाबाईने पदर डोळ्यांना लावला.

"बयाकाकी," गौतमी म्हणाली, "त्यांच्यासमोर नको. आणि रडायचं नाय, कागदात लिहिलंय."

तिला भीती वाटत नव्हती. टांगलेलं असणं, हिंदकळणं, पायाखाली काही नसणं, हे सगळं तिला पाठ होतं. त्या डब्यात ह्या विषयात तिच्याइतका अनुभव कोणालाच नव्हता. फक्त एक गोष्ट नवीन होती. ती निजलेली नव्हती, बसली होती. त्यामुळे आभाळाऐवजी जग दिसत होतं. काळा कडा जवळून सरकत होता आणि एक घार खाली होती. घार खाली. हिरकणीवाडीची कौलं, त्याच्या पलीकडे वाळलेल्या भाताची खाचरं, सुकून अर्धी झालेली नदी, आणि डोंगरामागे डोंगर, प्रत्येक थोडा अधिक निळा. आपण जिथे राहतो ते असं असतं, हे तिला आठ वेळा त्यातून जाऊनही माहीत नव्हतं.

"काका," ती म्हणाली.

"काय गो?"

"काय नाय."

वर काकाने तिला पाठीवर घेतलं. पायऱ्या होत्या, दगड होते; जिथपर्यंत नेता येईल तिथपर्यंत नेलं आणि एका जोत्याच्या सावलीत बसवलं. गडावरचीच एक धनगरीण ताक घेऊन बसली होती. तिने गौतमीच्या पायांकडे पाहिलं, रामजीतात्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पहिला पेला तात्याला दिला.

भाकऱ्या सुटल्या. सुकट, कांदा, ताक. जेवताना आपली वाडी कुठली यावर वाद झाला. बाबांनी एका डोंगराकडे बोट केलं, काकाने दुसऱ्या, आणि रामजीतात्याने, जीव परतल्यामुळे आवाज मोठा झालेला, ठामपणे अशा दिशेला बोट दाखवलं जिकडे, बयाबाईच्या मते, तिचं दासगावचं माहेर होतं. गौतमीने तिन्ही डोंगर पाहून घेतले.

मग तिने मूठ उघडली. शाळेने आणलेला काळा खडा घामाने ओला झाला होता. तिने तो जोत्याच्या फटीत, बाकीच्या खड्यांत ठेवला आणि बोटाने आत दाबला.

"टाकलास काय?" आईने विचारलं.

"टाकला नाय. परत दिला."

उतरताना रामजीतात्याने दोन्ही डोळे मिटले नाहीत. एकच उघडा ठेवला.

उन्हं कलताना जीप डोंगराच्या पायथ्याशी आली. डोली उतरवून घोंगडी झटकली, बांबू नीट केला. काका गौतमीला उचलायला वाकला.

"जीप डाव्या हाताला वळली होती," गौतमी म्हणाली.

काका वाकलेलाच राहिला. "होय."

"भज्यांचा वास आला होता. मग स्पिरिटचा."

"होय."

"मग?"

वचन ते वचन. बाबा जमिनीकडे बघायला लागले. काकाने एकदा वर डोंगराकडे पाहिलं, दीड तासाचा चढ, आणि पाठ तिच्याकडे करून खाली बसला. "चल. पाठीवर नेतो. थांबत थांबत जाऊ."

गौतमीने त्याच्या पाठीकडे पाहिलं. शर्टाला गडावरची माती लागली होती. मग घोंगडीकडे पाहिलं. तिला त्या घोंगडीचा राग होता, आठ वेळांचा. पण आजची वेळ कशात धरायची, हे तिला नक्की ठरवता येत नव्हतं.

"मागचा खांदा कुणाचा?" तिने विचारलं.

"माझा," रामजीतात्या म्हणाला.

"मी निजणार नाय. बसून येणार. तुमच्या नाकाकडे नाय, पुढं तोंड करून."

असं डोलीत कोणी बसत नसे. तोल जातो, खांदा कापतो. तात्याने घोंगडीची गाठ सोडली, आखूड केली, पुन्हा बांधली, ओढून पाहिली. "बस," तो म्हणाला. "तोल माझा मी बघतो."

खालच्या वाडीतल्या बाया दाराशी उभ्या होत्या. डोली परत येताना काही विचारायचं नसतं, नुसतं बघून ओळखायचं असतं. त्यांनी पाहिलं: पोर डोलीत ताठ बसलेली, एका हाताने बांबू धरलेला, डोक्यावर काकाने घेऊन दिलेली टोपी, आणि मागे बयाबाई, न रडता. कोणालाच काही ओळखता आलं नाही.

वाडीच्या टोकाला आजी सकाळपासून उभी असावी तशी उभी होती.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" तिने विचारलं. डोली दवाखान्यात गेली असणार याबद्दल तिला शंका नव्हती.

गौतमीने कुशाबाकडून मागून घेतलेला कागद पुढे केला. आजीने तो उलटा धरून शिक्का नीट पाहिला. "काय लिहिलंय?"

"लिहिलंय," गौतमी कागदाकडे न बघता म्हणाली, "दर वर्षाला एकदा न्यायचं. जागा बदलून."

काकाला जोराचा खोकला आला. बाबांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. आजीने कागद चार वेळा घडी करून कमरेच्या चंचीत ठेवला.

"कागदावर असेल तर न्यायलाच लागेल," ती म्हणाली. "त्याला इलाज नाय."

अशी ती रीत पडली. पुढच्या माघात हरिहरेश्वर झालं. गौतमीने डब्यातली वाळू तिथे नेऊन ओतली. त्याच्या पुढच्या वर्षी महाबळेश्वर. स्ट्रॉबेरीचा देठ मात्र परत करता आला नाही, तो उंदरांनी नेला होता. तिसऱ्या वर्षी खालच्या वाडीतली रामजीतात्याची नव्वदीची आई हट्ट धरून बसली की मलाही कागद पाहिजे. मला काय झालेलं नाय, मला पोलादपूरच्या स्टँडवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या बघायच्या हायत. ती बारा वर्षं खाली उतरली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिलाही लिहून दिलं. मग कुकाऱ्याचं कसं करायचं, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा आजीनेच निकाल दिला: दुखण्याला तीन लांब, फिरायला दोन आखूड. तिच्या घशाला ते शिकायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत बयाबाई फुकट बरंच रडली.

दोन हजार सहा साली रस्ता झाला. जीप आता थेट आजीच्या अंगणात येते. अंगणात म्हणजे आजी होती तोवर आजीच्या. डोली गोठ्याच्या आढ्याला टांगलेली आहे आणि एक कोंबडी तिच्यात अंडी घालते. गौतमी महाडात एका वकिलाकडे टायपिंग करते, तीनचाकी गाडीवरून जाते-येते. मनात येईल तेव्हा फिरायला जाते. त्याला कागद लागत नाही.

माघात मात्र ती जीप सांगते. रामजीतात्याला पुढच्या सीटवर बसवतात. आता त्याचेही गुडघे गेलेत. दाराचा दांडा धरून तो दर वळणाला एक डोळा मिटतो. गौतमी मागे बसते. काचेतून सगळं दिसतं: कडे, खाचरं, नदी, डोंगरामागचे डोंगर. फक्त इंजिन बंद पडलं, आणि कुशाबा बॉनेट उघडून शिव्या देत उभा राहिला, की पुढून ती शीळ ऐकू येते, रुंद नाकपुडीची, चढावरची. मग गौतमी जरा मागे सरकून, मान वर करून, डोलीतून आभाळ बघावं तशी टपाकडे बघत राहते.